रमाबाई रानडे आणि स्त्रियांचा मताधिकार

सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी (आज हे गाव सांगली जिल्ह्यात मोडते) कुर्लेकर घराण्यात 25 जानेवारी 1862 रोजी एका मुलीचा जन्म झाला. माहेरी तिचे नाव यमुना. पुढे अर्ध्या शतकानंतर याच गावात यशवंतराव चव्हाण जन्मले, म्हणून देवराष्ट्र्याचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे; परंतु त्या गावाने त्याआधी रमाबाई रानडे दिल्या होत्या, याची आठवण क्वचितच काढली जाते. कुर्लेकरांचे घर प्रतिष्ठित होते, पण मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत त्या घरात नव्हती. बाईमाणूस लिहू-वाचू लागले की तिला वैधव्य येते, अशी समजूत त्या काळी अनेक घरांतून घट्ट रुजलेली होती आणि ती समजूत बाळगणारी माणसे काही दुष्ट नव्हती. लेकीच्या काळजीपोटीच ती तिला पाटीपासून दूर ठेवीत. वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत यमुनेला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते.

1873 च्या डिसेंबरात तिचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. वराचे वय एकतीस, वधूचे अकरा. रानडे त्या वेळी पुण्यास न्यायाधीश होते. विधवाविवाहाच्या चळवळीतील अग्रणी म्हणून त्यांचे नाव झाले होते. त्यांच्या प्रथम पत्नी सखूबाई त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात निवर्तल्या. आता रानडे स्वतः एखाद्या विधवेशी विवाह करून बोले तैसा चाले याचा दाखला घालून देतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडील गोविंदराव यांना नेमकी हीच भीती वाटत होती. त्यांनी दोन महिन्यांच्या आत स्थळ पाहून, मुलगी पसंत करून लग्न उरकून घेतले. रानडे वडिलांचा शब्द मोडू शकले नाहीत. त्यांच्या चरित्रातला हा दुबळा क्षण आहे आणि टीकाकारांनी तो त्यांना जन्मभर विसरू दिला नाही. या लग्नात अकरा वर्षांच्या यमुनेला कोणी काही विचारले नाही. तशी पद्धतच नव्हती. सासरी ती रमा झाली.

आपल्या हातून घडलेल्या गोष्टीचे परिमार्जन म्हणून म्हणा, किंवा तत्त्वावरील निष्ठेने म्हणा, रानडे यांनी पत्नीच्या शिक्षणास तत्काळ आरंभ केला. पाटीवर अक्षरे काढून देण्यापासून सुरुवात झाली. पुढे मराठी शिकविण्यास शिक्षिका येऊ लागल्या आणि इंग्रजीचे धडे रानडे स्वतः देऊ लागले. दिवसभर कचेरी, संध्याकाळी सार्वजनिक सभेची कामे आणि रात्री हा वर्ग, असा त्यांचा क्रम असे. वर्ग चाले तो माडीवरच्या खोलीत. खाली माजघरात वेगळेच राज्य होते.

रानडे यांच्या घरात वडीलधाऱ्या बायका बऱ्याच होत्या: सावत्र सासूबाई, नणंद, चुलत नात्यातल्या सासवा. सुनेने पुस्तक हाती धरणे त्यांना मुळीच खपत नव्हते. रानडे यांना तोंडावर बोलण्याची कोणाची छाती नव्हती; तेव्हा साऱ्या रागाचा भार सुनेवर पडे. दिवसा पाठ करायला बसले तर टोमणे, मोठ्याने वाचले तर चेष्टा, कोणी बोलेनासे होई, कोणी वेगळे बसवी. वर नवऱ्याची आज्ञा आणि खाली सासवांची. दोन्ही पाळायच्या आणि एकीची कागाळी दुसरीकडे करायची नाही, हा कठीण नियम त्या मुलीने स्वतःला घालून घेतला. रानडे मितभाषी होते. पत्नीकडून चूक झाली तर ते रागावत नसत, फक्त बोलणे बंद करीत. ती शिक्षा सासवांच्या टोमण्यांहून जड होती, हे रमाबाईंच्या आठवणी वाचणाऱ्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. रानडे यांच्या थोरवीविषयी यत्किंचितही शंका न घेता असे म्हणता येईल, की त्या घरात सुधारणेची किंमत सुधारकापेक्षा त्याच्या पत्नीने अधिक मोजली.

1878 मध्ये रानडे यांची नाशिकला बदली झाली. तेथे प्रथमच रमाबाईंना स्वतंत्र संसार मिळाला. स्वयंपाकाचा हिशेब, नोकरचाकर, पाहुणे आणि अभ्यास, सगळे त्यांच्याच अंगावर पडले आणि त्यांना ते आवडले. नाशिकमध्येच त्या पहिल्यांदा सभेत बोलल्या. भाषण रानडे यांनी लिहून दिले होते. पुढे शेकडो सभा ज्यांनी गाजविल्या त्यांची सुरुवात दुसऱ्याने लिहिलेला कागद वाचण्याने झाली, ही गोष्ट वक्तृत्वस्पर्धेत घाम फुटणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. संस्कृतात पारंगत, पुराणे मुखोद्गत, आणि पुरुषांच्या सभेत निर्भयपणे उभी राहून बोलणारी ही तरुण विधवा पाहून पुणे थक्क झाले. त्यांच्या पुढाकाराने आर्य महिला समाज स्थापन झाला आणि रानडे यांच्या पत्नी त्याच्या सभांना जाऊ लागल्या. घरात पुन्हा वादळ उठले. सभेहून परतलेल्या सुनेला स्वयंपाकघरात पाऊल टाकण्याची बंदी झाली. जणू ती बाहेरून विटाळूनच आली होती. रमाबाईंनी जाणे सोडले नाही, घरातल्यांना उलट उत्तरही दिले नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी पुण्यात मुलींसाठी हायस्कूल असावे अशी मागणी पुढे आली. या मागणीसाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरसाहेबांसमोर इंग्रजीतून निवेदन वाचण्याचे काम रमाबाईंकडे आले. एका ब्राह्मण गृहिणीने भर सभेत, पुरुषांच्या देखत, परक्या भाषेत बोलावे, यावर शहरात महिनाभर चर्चा पुरली असेल. 1884 मध्ये ते हायस्कूल सुरू झाले. हुजूरपागा या नावाने ते आजही नांदते आहे. मुलींच्या हायस्कुलास त्या वेळी जो विरोध झाला त्यात अडाणी लोकच होते असे नाही. लोकमान्य टिळकांसारख्या लोकोत्तर पुरुषाचाही मुलींना मुलांसारखेच इंग्रजी शिक्षण देण्यास विरोध होता. रानडे आणि टिळक हे दोघेही महाराष्ट्राला वंदनीय आहेत. म्हणून त्यांच्यातील हा मतभेद झाकून ठेवण्याचे कारण नाही.

रानडे 1893 मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. तेथे रमाबाईंनी स्त्रियांचे क्लब, भाषावर्ग, शिवणवर्ग यांत स्वतःला गुंतवून घेतले. त्यांना अपत्य नव्हते. 16 जानेवारी 1901 रोजी न्यायमूर्तींचे देहावसान झाले, तेव्हा रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या.

त्या पुण्यास परतल्या आणि जवळजवळ वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. त्या काळच्या रीतीप्रमाणे यापुढचे आयुष्य देवघर आणि पोथी यांत जायचे. तसे झाले असते तर न्यायमूर्तींची साध्वी पत्नी म्हणून त्यांचे नाव राहिले असते आणि कोणी त्यांना दोषही दिला नसता. परंतु वर्षाअखेरीस त्या बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटू लागल्या, त्यांच्याशी बोलू लागल्या, सणावारी त्यांच्यासाठी फराळाचे घेऊन जाऊ लागल्या. 1904 मध्ये मुंबईत भारत महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्याच्या अध्यक्षपदी रमाबाईंची निवड झाली. 1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईस सेवासदन काढले आणि त्याचे अध्यक्षपद रमाबाईंना दिले. पुढच्या वर्षी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्याचे सेवासदन उभे राहिले. त्याचे पहिले वर्ग रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात भरत.

पुणे सेवासदनाचे काम समजून घेतल्याशिवाय मताधिकाराच्या लढ्यात रमाबाई कोठून आल्या हे उमगत नाही. सेवासदनात येणाऱ्या स्त्रिया म्हणजे बहुतांशी बालविधवा, परित्यक्ता आणि गरीब घरच्या गृहिणी. दुपारी घरची कामे आटोपली की त्या येत. कोणी बाराखडी गिरवी, कोणी शिवण शिके, कोणी शिक्षिका होण्यासाठी ट्रेनिंगच्या वर्गात बसे. सर्वांत धाडसाचे पाऊल होते परिचारिकांचे. परक्या पुरुषांची शुश्रूषा करणे, कोणत्याही जातीच्या रोग्याला हात लावणे, हे पांढरपेशा घरांतील स्त्रियांसाठी अकल्पनीय होते. रमाबाईंनी घरोघर जाऊन आईबापांची, सासूसासऱ्यांची समजूत घातली, ससून रुग्णालयातील शिक्षणासाठी मुली मिळविल्या आणि त्यांच्यासाठी वसतिगृह चालविले. पहिल्या काही मुलींना लोकनिंदा पुष्कळ सोसावी लागली. पुढे मागणी इतकी वाढली की जागा पुरेना. आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविका वारकरी स्त्रियांच्या मदतीला जाऊ लागल्या, तेव्हा तर निंदकांपैकी बरेचजण गप्प झाले.

1910 मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रस्तावना नामदार गोखले यांची. पतीचे नाव घ्यायचे नाही या रीतीला धरून रमाबाईंनी रानडे यांचा उल्लेख सर्वत्र स्वतः या शब्दाने केला आहे. पुस्तक आठवणी म्हणून त्यांचे, पण त्यातले स्वतः म्हणजे दुसरेच कोणी! मराठी वाचकाला यात वावगे वाटले नाही. नंतर इंग्रजीत अनुवाद करणाऱ्या बाईंनी मात्र हाच शब्द पुस्तकाचे नाव म्हणून उचलला.

इकडे जगात वारे बदलत होते. न्यूझीलंडमधील स्त्रियांना 1893 मध्येच मताधिकार मिळाला होता. इंग्लंडमध्ये दीर्घ झगड्यानंतर 1918 मध्ये तीस वर्षांवरील आणि विशिष्ट पात्रता असलेल्या स्त्रियांना तो मिळाला. हिंदुस्थानात 1917 च्या डिसेंबरात सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासेत भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले आणि येऊ घातलेल्या सुधारणांत स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत असावे अशी मागणी केली. मतदानाच्या नियमांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीने ती फेटाळली. हिंदी समाज अजून त्यास तयार नाही, असे तिचे मत पडले. तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन या लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी हिंदी स्त्रियांची बाजू मांडली. 1919 च्या कायद्याने होय म्हटले नाही आणि नाही असेही म्हटले नाही. स्त्रियांना मत द्यावे की नाही, हे ज्या त्या प्रांताच्या विधिमंडळाने ठरवावे, अशी तोड निघाली. म्हणजे केवळ पुरुषांनी निवडून दिलेल्या पुरुषांच्या सभागृहापुढे प्रत्येक प्रांतातील स्त्रियांनी पदर पसरावयाचा होता.

मुंबई इलाख्यात हे काम करावयास रमाबाईंएवढी योग्य व्यक्ती दुसरी नव्हती. वय अठ्ठावन्नच्या पुढे, न्यायमूर्तींचे पुण्यबळ पाठीशी आणि सोवळ्या बायकांनाही ज्यांच्या आचरणात बोट दाखविण्यास जागा सापडू नये असे साधे राहणे. परंतु त्यांना या लढ्यात जे खेचून आणणारे झाले ते मताच्या प्रश्नावरून नव्हे, शाळेच्या प्रश्नावरून.

1918 मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात असा कायदा झाला, की नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करता येईल. पुणे नगरपालिकेपुढे प्रश्न आला, सक्ती मुलामुलींना की फक्त मुलांना? खर्चाचे कारण सांगून आधी मुलांना आणि मुलींचे पुढे पाहू, असा पक्ष प्रबळ झाला. टिळकांच्या अनुयायांचा कल तिकडे होता. शहर दुभंगले. सभांतून गोंधळ, वृत्तपत्रांतून शिव्याशाप. रमाबाई रस्त्यावर उतरल्या. 1920 च्या आरंभी पुण्याच्या रस्त्यांवरून स्त्रियांचा मोर्चा निघाला. त्यात सेवासदनाच्या विद्यार्थिनी होत्या, शिक्षिका होत्या, आणि ज्यांनी कधी पाटी पाहिली नव्हती पण लेकींनी ती पाहावी असे ज्यांना वाटत होते अशाही बायका होत्या. नऊवारी लुगड्यात, डोक्यावरून पदर घेतलेली ती वृद्धा पुढे चालत होती. पंधरा-वीस वर्षांपूर्वी वैधव्यामुळे ज्यांनी घराचा उंबरा वर्षभर ओलांडला नाही त्याच या.

मागणी त्या वेळी मान्य झाली नाही. मुलींच्या सक्तीसाठी पैसा नव्हता, एवढे उत्तर पुरेसे मानले गेले. कदाचित पैसा खरोखरच नसेल. नगरपालिकांची तिजोरी कधी भरलेली असते? पण तुटपुंज्या पैशांतून आधी कोणाला द्यावयाचे हे ठरवणारे सर्व एका बाजूचे होते, हा धडा त्या मोर्चातील स्त्रियांनी घेतला. सभागृहाच्या दाराबाहेर उभे राहून विनंती करणे आणि त्या सभागृहात कोण बसेल हे ठरविणे यांतले अंतर त्यांना पायी चालून कळले होते.

त्यानंतर मताधिकाराच्या सभा जोमाने सुरू झाल्या. मुंबईत पारशी, गुजराती, मराठी स्त्रियांच्या संस्था एकत्र आल्या. पुण्याची बाजू रमाबाईंनी सांभाळली. ठराव झाले, सह्या जमल्या, विधिमंडळाच्या सभासदांच्या भेटी घेतल्या गेल्या. स्त्रियांनी मतदानाला जावे तर घरचे काय, पडद्यातल्या बायकांचे काय, नवरा-बायकोची मते भिन्न पडली तर संसाराचे काय, असे आक्षेप निघत. रमाबाईंचे सारे आयुष्य हेच या आक्षेपांना उत्तर होते; त्यांनी घरही सांभाळले होते आणि स्वतःचे मतही. 1921 मध्ये मद्रासच्या विधिमंडळाने प्रथम हा अडसर दूर केला आणि त्याच वर्षी मुंबईनेही केला. दोन वर्षांनी, 1923 च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यातील पात्र स्त्रियांनी प्रांतिक विधिमंडळासाठी पहिल्यांदा मत दिले.

पात्र हा शब्द येथे जपून वाचला पाहिजे. मताचा हक्क त्या काळी माणसाला नसून मालमत्तेला होता. ठरावीक सारा भरणारा, ठरावीक भाड्याच्या घरात राहणारा किंवा प्राप्तिकर देणारा तोच मतदार. पुरुषांपैकीही फार थोडे या चाळणीतून पार पडत. स्त्रियांच्या नावावर तर जमीन-घर असणेच दुर्मीळ. म्हणून मतदार झालेल्या स्त्रिया मूठभरच निघाल्या. सेवासदनात शिवण शिकून पोट भरणारी विधवा, येरवड्याच्या तुरुंगातली कैदी, आळंदीच्या वाटेवरची वारकरीण, ज्यांच्यासाठी रमाबाई झिजल्या त्यांपैकी जवळजवळ कोणालाच 1921 च्या ठरावाने मत मिळाले नाही. हा त्या लढ्याचा उणेपणा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र स्त्री आहे म्हणून नाही, हा एक अडसर निघाला. गरीब आहे म्हणून नाही, हा दुसरा तसाच राहिला आणि तो निघावयास आणखी तीन दशके लागली.

1924 मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षाच्या सुमारास, रमाबाईंचे पुण्यात निधन झाले.

छत्तीसगढच्या या भूमीवर ती लाट पोहोचली ती त्यांच्या पश्चात. दुर्ग जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि भिलाई हे त्या जिल्ह्यातले एक लहानसे खेडे. प्रांताची राजधानी नागपूर. तेथील विधिमंडळाने 1927 मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला. संयुक्त प्रांत, आसाम, बंगाल, पंजाब यांच्या मागून आणि बिहार-ओरिसाच्या आधी. योगायोग असा, की त्याच वर्षी नागपुरात सेवासदनाची स्थापना झाली आणि रमाबाईंच्या नावाचे स्मरण तेथे आजवर जपले जाते. 1937 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपाध्यक्षपदी नागपूरच्या अनसूयाबाई काळे निवडून आल्या. 1952 मध्ये त्या लोकसभेत गेल्या. नागपूर-विदर्भाकडून पोलादाच्या कारखान्यासाठी जी मराठी कुटुंबे पुढे भिलाईस आली, त्यांतल्या आज्यांनी आपले पहिले मत बहुधा त्याच निवडणुकीत दिले असेल. 1962 मध्ये रमाबाईंच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, तेव्हा भिलाईची पहिली झोतभट्टी पेटून तीन वर्षे झाली होती.

1950 च्या राज्यघटनेने मालमत्तेची अट साफ काढून टाकली आणि एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषास मत दिले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या करणारे कर्मचारी घरोघर गेले, तेव्हा उत्तर भारतातील असंख्य स्त्रियांनी परक्या पुरुषास नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच त्या म्हणाल्या. नाव नसेल तर नोंद नाही, असा निर्णय निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी घेतला, आणि सुमारे 28 लाख स्त्रिया त्या यादीतून गळाल्या. पुढच्या निवडणुकीच्या वेळी याद्या पुन्हा करण्यात आल्या. कर्मचारी पुन्हा त्याच दारांशी गेले आणि या वेळी पुष्कळ जणींनी आपली नावे सांगितली.